डिजिटल लेआउटवर इंजिनांची चाके स्वच्छ करण्याची योग्य पद्धत कोणती?

कसारा_बँकर

नमस्कार मंडळी,

ठाण्यातील आमच्या घरी ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद प्लायवूडवर मी एचओ प्रमाणातला, म्हणजे १:८७ चा, लघुरेल्वेचा एक लेआउट (रुळांची मांडणी) उभारला आहे. दीड वर्षापूर्वी मी साध्या डीसी कंट्रोलरवरून, ज्यात रुळांतील व्होल्टेज बदलून वेग ठरवतात, डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) प्रणालीकडे वळलो, ज्यात इंजिनांना रुळांवाटे डिजिटल आज्ञा जातात. आज्ञा पाठवणारे कमांड स्टेशन ३ अँपिअरचे आहे आणि इंजिने तीन आहेत: ध्वनी डिकोडर (आज्ञा वाचून मोटर आणि आवाज चालवणारे सर्किट) असलेले सहा ॲक्सलचे डिझेल, दोन ॲक्सलचे छोटे शंटर (डबे हलवणारे इंजिन) आणि टेंडर (कोळसा-पाण्याचा मागचा डबा) असलेले एक वाफेचे इंजिन.

पावसाळा सुरू झाल्यापासून डिझेल इंजिन सांध्यांवर, म्हणजे रूळ बदलण्याच्या जागी, अडखळू लागले आहे. ते नुसते अडखळले असते तर मी एवढे मनावर घेतले नसते. परंतु प्रत्येक वेळी त्याचा आवाज पूर्ण बंद पडतो आणि मग इंजिन जणू नुकतेच शेडमधून बाहेर काढले आहे अशा थाटात स्टार्टरच्या घरघरीपासून सगळा कार्यक्रम पुन्हा सुरू होतो. शंटर तर हाताने ढकलल्याशिवाय सांधा ओलांडतच नाही. रूळ घासण्याचा खरखरीत रबर मी दोनदा फिरवला. त्याचा परिणाम दोन दिवस टिकला आणि तिसऱ्या दिवशी परिस्थिती पूर्ववत झाली. शेवटी इंजिन उलटे करून पाहिले, तेव्हा चाकांच्या धावेवर काळा, चिकट पट्टा जमलेला दिसला. घरात होते ते सॅनिटायझर कान कोरण्याच्या कापसाच्या काडीला लावून तो काढण्याचा प्रयत्न केला. पट्टा निम्माच निघाला आणि कापसाचे धागे मात्र ॲक्सलभोवती गुंडाळले गेले, ते चिमट्याने काढण्यात एक संध्याकाळ गेली.

माझ्या शंका अशा आहेत. डीसीसीमध्ये रुळांवर वीज सतत असते, तेव्हा इंजिन चालू ठेवून चाके स्वच्छ करणे डिकोडरच्या दृष्टीने सुरक्षित आहे का? धातूच्या तारांचा ब्रश वापरावा का? आणि एका दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे डिकोडरला कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा भाग) जोडला, तर या सफाईच्या कटकटीतून सुटका होते का?

निवृत्त_फोरमन

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सर्वांत लहान आहे: नाही. त्याचे कारण समजण्यासाठी मात्र डीसी आणि डीसीसी यांतील फरक पाहावा लागेल.

डीसी लेआउटवर रुळांतील शून्य ते १२ व्होल्टची वीज थेट मोटरला मिळते. चाकाखाली किटण आले आणि वीज क्षणभर तुटली, तर मोटरवरच्या जड चकतीच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, जोरावर इंजिन तेवढे अंतर काढून घेते आणि पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. डीसीसीमध्ये रुळांवर साधारण १४ ते १५ व्होल्ट सतत असतात, आणि त्यांची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होत असते. त्या उलटापालटीच्या कालावधीतच संदेश दडलेला असतो: अर्धे आवर्तन ५८ मायक्रोसेकंदांचे असेल तर तो ‘एक’, आणि १०० मायक्रोसेकंद किंवा त्याहून अधिक असेल तर तो ‘शून्य’. म्हणजे तुमचा डिकोडर हा एक छोटा संगणक आहे आणि त्याचे अन्न व त्याची आज्ञा ही दोन्ही त्याच दोन रुळांमधून, त्याच चाकांवाटे त्याच्यापर्यंत पोहोचतात. वीज काही क्षण तुटली की संगणक बंद पडतो, परत आली की पहिल्यापासून सुरू होतो, आणि म्हणूनच स्टार्टरची घरघर पुन्हा ऐकू येते. किटण डीसीमध्येही एवढेच होते. ते खपवून घेणारी यंत्रणा आता राहिलेली नाही. न्यायाने हेही सांगायला हवे की संथ गतीत डीसीपेक्षा डीसीसी पुष्कळदा सरस ठरते, कारण इंजिन रांगत असतानाही रुळांवर पूर्ण व्होल्टेज असते.

आता किटणाविषयी. चाक आणि रूळ यांच्यामध्ये बारीक ठिणग्या पडत असतात, त्यांतून धातूचे ऑक्साइड तयार होते. गिअरमधून पाझरलेले तेल, हवेतील धूळ आणि रबरी टायरची झीज हे त्यात मिसळतात व चाकाच्या दाबाने सगळ्याचा घट्ट लेप बसतो. आपल्या घरांत आणखी दोन घटकांची भर पडते, त्यांचा उल्लेख परदेशी पुस्तकांत सापडणार नाही: फोडणीची तेलकट वाफ आणि देवघरातील उदबत्तीचा धूर. लेआउट स्वयंपाकघराच्या दाराजवळ असेल, तर रात्री त्यावर जुनी चादर टाकून ठेवावी.

सफाईसाठी मी गेली अनेक वर्षे जी पद्धत वापरतो ती अशी. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते, ते घ्यावे. सॅनिटायझर वापरू नये, कारण त्यात पाणी आणि बहुधा ग्लिसरीन असते. हाताला ते बरे, परंतु चाकावर त्याचा चिकट थर राहतो व त्यावर नवी धूळ बसते. स्वयंपाकघरातील जाड टिश्यू पेपरची वीतभर पट्टी सरळ रुळांच्या एका तुकड्यावर आडवी पसरावी आणि तिच्यावर अल्कोहोलचे काही थेंब सोडावेत. कागद ओलसर असावा, निथळता नको. हे द्रव साधारण १२ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याइतकी वाफ देते आणि चाकाखाली ठिणग्या पडतच असतात, त्यामुळे खिडकी उघडी असावी आणि जवळपास समई किंवा उदबत्ती नसावी.

इंजिनाची पुढची बोगी (चाकांचा संच) कागदावर आणि मागची उघड्या रुळांवर ठेवावी. मागच्या बोगीतून वीज मिळते, त्यामुळे मोटर फिरते आणि पुढची चाके कागदावर घसरत स्वतःला पुसून घेतात. आवाज बंद करावा, १२८ पायऱ्यांपैकी ३० ते ४० च्या दरम्यान वेग द्यावा आणि इंजिन दोन्ही बाजूंनी हलकेच धरावे. येथे बहुतेकांची चूक होते, ती अशी की ते इंजिन वरून दाबतात. दाबले की चाके अडतात, अडलेली मोटर जास्त प्रवाह ओढते आणि तो भार डिकोडरवर येतो. आपले काम इंजिनाला पुढे पळू न देण्याचे आहे, त्याला खाली चेपण्याचे नाही. पाच-दहा सेकंदांत कागदावर दोन काळ्या रेघा उमटतील. मग कागद थोडा सरकवून कोऱ्या जागी पुन्हा तेच करावे. रेघा फिकट राखाडी झाल्या की पुढची बोगी झाली असे समजून इंजिन उलटे फिरवून ठेवावे. तुमच्या शंटरचा एक ॲक्सल कागदावर आणि दुसरा रुळांवर ठेवला तरी काम होते, फक्त त्याला धरून ठेवणारा हात अधिक स्थिर हवा.

सीव्ही ३ मध्ये (सीव्ही म्हणजे डिकोडरच्या स्मृतीतील क्रमांकित रकाना) वेगवाढीसाठी मोठे मूल्य भरलेले असेल, तर आज्ञा दिल्यावर चाके फिरायला काही सेकंद लागतात. नवशिक्याला वाटते की संपर्कच नाही, म्हणून तो वेग वाढवत नेतो आणि मग इंजिन हातातून निसटते. सफाईपुरते ते मूल्य कमी करावे.

चाकाची मागची बाजूही विसरू नये. बहुतेक इंजिनांमध्ये फॉस्फर ब्राँझची पातळ पत्ती चाकाच्या आतील बाजूला टेकलेली असते आणि वीज तिच्यातूनच पुढे जाते. तेथे केस, धागे आणि तेल यांचा बोळा झालेला असेल, तर धाव आरशासारखी चकचकीत असूनही उपयोग नाही. तुमच्या कापसाच्या काडीने बहुधा तेथेही काही धागे ठेवले असतील. कापसाऐवजी फोमचे टोक असलेली काडी वापरावी, किंवा कागदाची अरुंद पट्टी पत्ती आणि चाक यांच्यामधून ओढून घ्यावी.

पॉलिश पेपर आणि काचतंतूंची घासणी यांना चाकांपासून दूर ठेवावे. पुष्कळ इंजिनांची चाके पितळेची असून त्यांवर निकेलचा मुलामा असतो. तो एकदा गेला की पितळ उघडे पडते, ओरखड्यांत किटण घट्ट बसते आणि आज पंधरा दिवसांनी करावी लागणारी सफाई मग चार दिवसांनी करावी लागते. रुळांवर तुम्ही फिरवलेल्या खरखरीत रबराबद्दलही माझे हेच मत आहे.

कपॅसिटर हा चांगला जोड आहे. तो क्षणभराचा खंड भरून काढतो, परंतु किटण वाढतच राहते आणि एक दिवस कपॅसिटरच्याही आवाक्याबाहेर जाते. तो बसवलाच, तर सीव्ही २९ मधील ॲनालॉग चालनाची, म्हणजे साध्या डीसीवर चालण्याची, सोय बंद करावी, म्हणजे त्यातील मूल्य ४ ने कमी करावे. ६ असेल तर २ होईल. ती सोय चालू राहिली, तर संदेश तुटल्यावर काही डिकोडर रुळांवर साधी डीसी वीज आहे असे समजून भलताच वेग घेतात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: कपॅसिटर असलेले इंजिन रुळांवरून उचलले तरी त्याची चाके काही वेळ फिरत राहतात, म्हणून कागद बदलताना बोटे सांभाळावीत.

नेकारकाठचा_पुणेकर

फोरमनसाहेबांनी पद्धत सविस्तर सांगितली आहेच. मी ब्रशविषयी लिहितो, कारण येथे श्टुटगार्टमध्ये हौशी लोकांच्या टेबलावर तो हमखास दिसतो.

या ब्रशचे दोन भाग असतात आणि ते एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या वेगळे ठेवलेले असतात. प्रत्येक भागात पितळेच्या बारीक तारा असतात आणि प्रत्येकाला रुळांच्या पुरवठ्यातील एक तार जोडलेली असते. इंजिन उलटे करून मऊ फोमच्या पाळण्यात ठेवायचे आणि ब्रशचा एक भाग डाव्या चाकांना व दुसरा उजव्या चाकांना लावायचा. वीजही तोच देतो आणि घासतोही तोच. डीसीवर तारा उलट लागल्या की चाके उलट फिरतात. डीसीसीमध्ये दिशा ही आज्ञेत असते, त्यामुळे तारा कोणत्याही बाजूला लागल्या तरी चालते. धोका वेगळाच आहे. एका भागातील वाकडी तार दुसऱ्या भागाला किंवा समोरच्या चाकाला टेकली, तर सरळ शॉर्ट होतो. ३ अँपिअर आणि १५ व्होल्ट म्हणजे ४५ वॅट झाले. कमांड स्टेशनने वेळेत वीज तोडली नाही, तर तेवढ्या उष्णतेने प्लास्टिकची बोगी मऊ पडायला वेळ लागत नाही. म्हणून ब्रश हातात घेण्यापूर्वी लेआउटच्या प्रत्येक कोपऱ्यात रुपयाचे नाणे दोन्ही रुळांवर आडवे ठेवून पाहावे. १६.५ मिलिमीटरच्या गेजवर ते आरामात बसते. नाणे ठेवताक्षणी वीज तुटली पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात ती तुटली नाही, तर तेथपर्यंतच्या तारा बारीक आहेत किंवा जोड कच्चे आहेत असे समजावे आणि आधी ते काम करावे.

चाके फिरत असताना ब्रश हलका टेकवला तर मुलाम्याला फारसे काही होत नाही. चाके थांबलेली असताना एकाच जागी घासत राहिले, तर मात्र तेथे खाच पडते. वाफेच्या इंजिनावर मी ब्रश वापरत नाही, कारण त्याच्या तारा जोडदांड्यांत अडकतात.

जाता जाता एका उपकरणाबद्दल सावध करतो. डीसीच्या काळात रुळांना जोडायची उच्च वारंवारतेची विद्युत सफाई यंत्रे लोकप्रिय होती आणि आजही ती जुन्या सामानात स्वस्तात मिळतात. किटण आले की ती जास्त व्होल्टेजची उच्च वारंवारतेची वीज सोडून ते जाळतात. डीसीसी लेआउटला ती कधीही जोडू नयेत. ती वीज डिकोडरच्या नाजूक भागांना सोसत नाही.

आता माझा थोडा मतभेद. आपण सगळे इंजिनाच्या चाकांमागे लागतो, परंतु हिशेब करून पाहा. तुमच्या डिझेलला १२ चाके आहेत. त्याच्यामागे ८ वाघिणी असतील, तर त्यांची ३२ चाके झाली आणि ती बहुधा प्लास्टिकची असतील. ही ३२ चाके किटण गोळा करतात आणि लेआउटभर वाटत फिरतात. इंजिन स्वच्छ करून तुम्ही त्याला पुन्हा त्याच गाडीला जोडता, म्हणून तिसऱ्या दिवशी परिस्थिती पूर्ववत होते. माझा क्रम असा आहे: आधी वाघिणींची चाके, मग रूळ आणि शेवटी इंजिन. जमेल तेव्हा प्लास्टिकच्या चाकांच्या जागी धातूची चाके बसवावीत. ती बसवताना त्यांची एक बाजू ॲक्सलपासून इन्सुलेट केलेली आहे याची खात्री करून घ्यावी, नाहीतर दोन्ही रूळ जोडले जाऊन शॉर्ट होतो.

येथील माझ्या काही मित्रांना हा सगळा खटाटोप अनाकलनीय वाटतो, आणि त्याला कारण आहे. श्टुटगार्टच्या पूर्वेला गोपिंगेन गाव आहे. ते मेर्क्लिन या लघुरेल्वे बनवणाऱ्या कंपनीचे गाव. मेर्क्लिनच्या पद्धतीत बाहेरचे दोन्ही रूळ एकाच ध्रुवाचे असतात आणि दुसरा ध्रुव मधल्या ठिपक्यांच्या ओळीतून, इंजिनाच्या पोटाखालच्या पट्टीवाटे येतो. त्यामुळे डावे-उजवे प्रत्येक चाक एकमेकांना सांभाळून घेते आणि पट्टी घसरता घसरता ठिपके घासत जाते. १९८५ मध्ये मेर्क्लिनची डिजिटल प्रणाली बाजारात आली, तीही याच मधल्या ठिपक्यांवर. आपण दोन रुळांवर चालणाऱ्यांना तो आधार नाही. मी स्वतः दोन रुळांचाच राहिलो. लहानपणी कोथरूडच्या लघुरेल्वे संग्रहालयात जे पाहिले, तेच डोक्यात बसले आहे.

कसारा_बँकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. शनिवारी प्रयोग केला, त्याचा वृत्तांत देतो.

पहिला अर्धा तास वाया गेला. मुख्य रूळ मोकळे राहावेत म्हणून मी बाजूच्या प्रोग्रॅमिंगच्या, म्हणजे डिकोडरची मूल्ये भरण्याच्या, रुळावर कागद पसरला होता. इंजिन ठेवले, पत्ता निवडला, वेग दिला आणि चाके ढिम्म. कागद बदलला, अल्कोहोल बदलले, सीव्ही ३ तपासण्याचा प्रयत्न केला तर कमांड स्टेशन ‘डिकोडर सापडला नाही’ असे सांगू लागले. डिकोडर जळाला या कल्पनेने घाम फुटला. मग मुलीनेच विचारले की बाबा, या रुळावर गाडी एरवी तरी कधी चालते का? ती चालत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आले.

मुख्य रुळावर आल्यावर मात्र सर्व काही सांगितल्याप्रमाणे झाले. पहिल्या पट्टीवर काजळाने ओढाव्यात तशा दोन रेघा उमटल्या. सहा पट्ट्या लागल्या. शंटर आता मधल्या दोन सांध्यांवरून न ढकलता जातो. प्लास्टिकच्या फ्रॉगवर (सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग) अजूनही अडतो. वाघिणींची चाके उलटी करून पाहिली तेव्हा पुणेकरांचा हिशेब पटला. त्यांच्यावरचा थर नखाने सालीसारखा निघाला.

डिझेलचे कोडे मात्र पूर्ण सुटले नाही. सरळ रुळांवर आणि सांध्यांवर ते आता व्यवस्थित चालते, पण उजवीकडे वळणाऱ्या एका वक्रावर, नेहमी त्याच जागी, ते बंद पडून पुन्हा सुरू होते. तेच इंजिन उलटे फिरवून ठेवले तर त्या जागी काहीच होत नाही. त्या जागचे रूळ तीनदा पुसले. शंटर तेथून बिनदिक्कत जातो.

देवळालीचा_सिग्नल

चर्चा चांगली चालली आहे, म्हणून अल्कोहोलविषयी माझा वेगळा अनुभव नोंदवतो. काही वर्षांपूर्वी अमेरिकेतील हौशी लोकांमध्ये या विषयावर बराच खल झाला. त्यातून असे मत पुढे आले की आयसोप्रोपिल अल्कोहोलसारखी ध्रुवीय द्रावके किटण काढतात खरी, परंतु पुसलेल्या पृष्ठभागावर बारीक ठिणग्यांना आणि पर्यायाने नव्या ऑक्साइडला वाव देतात. उलट टर्पेंटाइनसारखी अध्रुवीय द्रावके वापरली तर रूळ अधिक काळ स्वच्छ राहतात. मी दोन वर्षांपासून रूळ मिनरल टर्पेंटाइनने पुसतो. माझ्याकडे दोन सफायांमधील अंतर खरोखरच वाढले आहे. चाकांसाठी मात्र मी अल्कोहोलच वापरतो, कारण टर्पेंटाइनने रबरी टायर फुगतात आणि सैल होऊन निसटतात. ॲसिटोनचे नावही काढू नये. त्याचा एक थेंब इंजिनाच्या प्लास्टिकवर पडला की तेथला रंग आणि आकार दोन्ही जातात.

रबरी टायर असलेली चाके वीज घेत नाहीत, तेव्हा त्यांना ओल्या कागदावर फार वेळ फिरवण्याची गरजच नसते. किंचित ओल्या फडक्याने ती हाताने पुसावीत.

सफाई झाल्यावर रुळांच्या आतील कडेवर ६बी पेन्सिलचा एकच हलका हात फिरवावा, असेही मी सुचवेन. ग्राफाइट वीज वाहून नेते आणि ठिणग्या कमी करते. चढावर मात्र ते लावू नये, चाके घसरतात.

निवृत्त_फोरमन

प्रोग्रॅमिंगच्या रुळाचा उल्लेख मी करायला हवा होता, ती चूक माझी. त्या रुळावर फक्त प्रोग्रॅमिंगच्या वेळी आणि तीही मर्यादित वीज सोडली जाते. ‘डिकोडर सापडला नाही’ या संदेशाने घाबरू नये. प्रोग्रॅमिंगच्या रुळावर डिकोडर बोलू शकत नाही. आज्ञा मिळाल्याची पोच म्हणून तो मोटरला क्षणभर वीज देतो, आणि साधारण ६ मिलिसेकंद टिकणारा ६० मिलिअँपिअरचा तो जास्तीचा प्रवाह कमांड स्टेशन ओळखते. निम्मी चाके कागदावर आणि निम्मी किटणावर असताना तो प्रवाह पोहोचणार कसा? सीव्ही वाचताना वारंवार चूक येऊ लागली, तर मी सर्वांत आधी चाकेच पाहतो.

देवळालीकरांच्या टर्पेंटाइनबद्दल माझे मत अजून बनलेले नाही. त्यांच्याकडची कोरडी हवा आणि ठाण्यातला जुलै यांची तुलना करून द्रावकाला श्रेय देणे मला थोडे घाईचे वाटते. ग्राफाइटचा मला अनुभव आहे आणि तो चांगला आहे, मात्र अट तीच: एकच हात. लोक प्रेमाने चार हात फिरवतात आणि मग काळ्या चाकांची तक्रार घेऊन येतात.

आता डिझेलविषयी. लक्षण एकाच जागी आणि इंजिनाच्या एकाच तोंडाला दिसत असेल, तर तो किटणाचा प्रश्न नाही. त्या वक्रावर रुळात थोडा पीळ असणार, त्यामुळे काही चाके उचलली जात असतील. ज्या बाजूची मोजकीच चाके वीज घेत आहेत ती बाजू तेथे उघडी पडते आणि इंजिन फिरवले की तो दोष दुसऱ्या रुळावर जातो. शंटर लहान असल्याने त्याला तो पीळ जाणवत नाही. इंजिन लेआउटवरून काढा, वरचे कवच उतरवा आणि मल्टिमीटर ओहमवर लावा. आठ पिनांचे सॉकेट असेल, तर डिकोडर काढून आठव्या पिनेपासून उजव्या बाजूचे प्रत्येक चाक आणि चौथ्या पिनेपासून डाव्या बाजूचे प्रत्येक चाक मोजा. सॉकेट वेगळे असेल, तर लाल तार उजव्या रुळाची आणि काळी तार डाव्या रुळाची, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. चाक बोटाने हळूहळू फिरवत मोजावे. आकडा एका ओहमच्या आसपास स्थिर राहिला पाहिजे. जे चाक फिरवताना आकडा उड्या मारतो किंवा दिसतच नाही, ते चाक तुमच्या १२ चाकांमध्ये धरायचे नाही.

नेकारकाठचा_पुणेकर

प्लास्टिकच्या फ्रॉगवर शंटर अडतो, त्याला सफाई हा उपाय नाही. दोन ॲक्सलच्या इंजिनाचा एक ॲक्सल फ्रॉगवर असताना वीज घेणारी फक्त दोनच चाके उरतात. दुकानदाराने सुचवलेला कपॅसिटर डिझेलऐवजी या शंटरमध्ये बसवावा. तेथे तो खरोखर कामी येईल. कवचाखाली जागा नसेल, तर धातूच्या फ्रॉगचा सांधा घेऊन त्याची ध्रुवता स्विचने बदलण्याची सोय करावी.

कसारा_बँकर

काल रात्री कवच उतरवले. सॉकेट आठ पिनांचेच आहे. डाव्या बाजूची सहाही चाके अर्ध्या ओहमच्या आत. उजव्या बाजूला मागच्या बोगीची तिन्ही चाके ठीक. पुढच्या बोगीचे मधले चाक मल्टिमीटरला दिसतच नव्हते आणि पहिल्या चाकाचा आकडा ३ ओहमपासून ४० ओहमपर्यंत नाचत होता. बोगीची खालची झाकणी काढल्यावर दिसले की पत्ती मधल्या चाकापासून केसभर लांब राहिली होती. पहिल्या चाकाच्या मागे मात्र माझ्याच कापसाच्या काडीचे धागे तेलात भिजून बसले होते. धागे चिमट्याने काढले, कागदाची पट्टी दोनदा ओढली आणि पत्ती टूथपिकने किंचित आत वाकवली. आता दोन्ही चाके अर्ध्या ओहमवर स्थिर आहेत.

त्या वक्रावर पट्टी ठेवून पाहिली. बाहेरचा रूळ एका जोडाजवळ सुमारे अर्धा मिलिमीटर खाली बसला आहे. पावसाळ्यात प्लायवूड फुगल्याने तसे झाले असावे. तेथे पुठ्ठ्याची पातळ चकती सारली. रात्री जेवणानंतर डिझेल ८ वाघिणी घेऊन दोन्ही दिशांनी पाऊण तास फिरले. ते एकदाही बंद पडले नाही आणि स्टार्टरही पुन्हा वाजला नाही.

वाफेच्या इंजिनाचे टेंडर अजून उघडलेले नाही. ते रविवारी.

निवृत्त_फोरमन

टेंडर उघडताना ते इंजिनापासून ओढून वेगळे करू नका. दोघांच्या मधल्या तारा केसासारख्या बारीक असतात आणि तुटल्या तर डकवायला चष्मा नव्हे, भिंग लागते. आधी दोन्ही एकत्र उलटे ठेवा आणि तारा कोठून कोठे जातात त्याचा एक फोटो काढून घ्या.